सायक्लोहेक्सिमाईड, प्युरोमायसिन वापरताय? आधी या चुका टाळा

सायक्लोहेक्सिमाईड आणि प्युरोमायसिन ही ट्रान्सलेशन, म्हणजे रायबोसोमने एमआरएनए वाचून प्रोटीन बनवणं, अडवणारी औषधं. ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते बँडच्या गडदपणावरून दाखवणारी चाचणी) बँड फिकट दिसला की "कम्पाउंडने ट्रान्सलेशन थांबवलं" असं लिहून मोकळे होणारे खूप जण आहेत आणि तिथूनच घोळ सुरू होतो. प्रोटीन कमी दिसायला ढीगभर कारणं असतात, एमआरएनए कमी झाला असेल, प्रोटीन जास्त वेगाने तुटत असेल, सेल्सच मरायला लागल्या असतील, आणि रायबोसोमचं काम मात्र नीट चालू असेल. म्हणून बाटली उघडायच्या आधी तीन गोष्टी नक्की करा: कुठला रायबोसोम, कुठली स्टेप आणि किती वेळ.

कुठला रायबोसोम हेच न बघणं

बॅक्टेरियाचा रायबोसोम ७०एस (एस हे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसायच्या वेगाचं माप), आपल्या सेलच्या सायटोप्लाझममधला ८०एस. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक ७०एसच्या मोठ्या भागाला, म्हणजे ५०एस सबयुनिटला धरतं, ते मॅमेलियन सेल्सवर टाकून टोटल प्रोटीन सिंथेसिस बदलत नाही म्हणून बाटलीला दोष देऊ नका, ८०एसवर ते चालतच नाही. पण मायटोकॉन्ड्रियाचा रायबोसोम बॅक्टेरियाच्या जातकुळीतला, त्यामुळे माणसाच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून बनणारी १३ प्रोटीन्स मात्र कमी होतात. यातली सगळ्यात दुर्लक्षित केस म्हणजे डॉक्सिसायक्लिन, तेही मायटोकॉन्ड्रियाचा रायबोसोम अडवतं! टेट-ऑन सिस्टिममध्ये (औषध दिल्यावरच जीन चालू होईल असं कन्स्ट्रक्ट) जीन चालू करायला ते सर्रास टाकतात आणि ऑक्सिजन कन्झम्प्शन घसरलं की श्रेय त्या जीनला देतात. कन्स्ट्रक्ट नसलेल्या सेल्सना तेवढंच डॉक्सिसायक्लिन देऊन बघा, हा कंट्रोल नसेल तर मायटोकॉन्ड्रियाबद्दलचा कुठलाही दावा मी तरी मानणार नाही.

सायक्लोहेक्सिमाईड तासन्‌तास ठेवणं

हे ६०एसच्या, म्हणजे ८०एसच्या मोठ्या भागाच्या, ई-साईटला बसतं आणि ट्रान्सलोकेशन, म्हणजे रायबोसोमचं एमआरएनएवर पुढे सरकणं, अडवतं. चेस करायला (नवीन प्रोटीन बंद करून जुनं किती वेगाने संपतं ते बघायला) छान, पण वेळ वाढला की सेल दुसऱ्याच अवस्थेत जाते. नवीन प्रोटीन बनणं थांबलं म्हणजे अमिनो ॲसिड्स वापराविना साठतात, त्याने एमटीओआरसी१ (वाढीचा सिग्नल देणारं कॉम्प्लेक्स) उलट ॲक्टिव्ह होतं आणि फॉस्फो-एस६ (फॉस्फेट लागलेलं रायबोसोमल प्रोटीन एस६) वाढलेलं दिसतं. सी-फॉससारख्या इमिजिएट-अर्ली (सिग्नल आल्यावर सगळ्यात आधी चालू होणाऱ्या) जीन्सचा एमआरएनए वाढतो, आणि एमसीएल-१ सारखी सेलला जिवंत ठेवणारी, कमी आयुष्याची प्रोटीन्स संपल्यामुळे काही सेल लाईन्स अपोप्टोसिसकडे (ठरवून होणाऱ्या सेल-मृत्यूकडे) जातात. मग आठ-दहा तासांच्या पॉइंटवर जे दिसतं ते तुमच्या प्रोटीनचं हाफ-लाईफ आहे की सेल मरताना झालेला गोंधळ आहे, सांगा कसं ठरवणार? कमी आयुष्याचं प्रोटीन असेल तर टाईम पॉइंट मिनिटांत घ्या, सी-मायकसारखं पटकन जाणारं एक प्रोटीन त्याच ब्लॉटवर दाखवा म्हणजे औषध लागू पडलंय हे कळेल, आणि एमजी१३२ (प्रोटिअसोम अडवणारं औषध) टाकलेली एक लेन ठेवा म्हणजे प्रोटिअसोममुळे (सेलमधलं प्रोटीन तोडणारं यंत्र) तुटतंय का तेही कळेल.

पॉलिसोम प्रोफाईलमध्ये (एका एमआरएनएवर किती रायबोसोम बसलेत ते बघायची पद्धत) उलटी चूक होते. सायक्लोहेक्सिमाईड सेल्सना देतात पण वॉश आणि लायसिस बफरमध्ये टाकायला विसरतात. त्याचं बाइंडिंग रिव्हर्सिबल आहे, धुतलं की सुटतं, रायबोसोम एमआरएनएवरून उतरतात (रन-ऑफ) आणि पॉलिसोमचे पीक गायब. पीक दिसत नसतील तर मॅग्नेशियम आणि आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाईम) पण तपासा, बफरमध्ये चुकून ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून टाकणारं रसायन) गेलं असेल तर सबयुनिट्स वेगळेच होतात. रायबोसोम प्रोफाइलिंगसाठी (रायबोसोम एमआरएनएवर नेमके कुठे आहेत ते सिक्वेन्सिंगने बघणं) मात्र सेल्सना आधी सायक्लोहेक्सिमाईड देऊ नका, यीस्टमध्ये त्यामुळे कोडॉन पातळीवरचं चित्र बिघडतं हे दाखवलं गेलंय, सरळ फ्लॅश फ्रीझ करा.

प्युरोमायसिनचा सिग्नल येत नाही

प्युरोमायसिन टीआरएनएच्या (अमिनो ॲसिड आणून देणाऱ्या आरएनएच्या) टोकासारखं दिसतं, वाढत्या चेनमध्ये घुसतं आणि चेन अर्धवट सुटते. २००९ मध्ये आलेली सनसेट पद्धत यावरच उभी आहे, थोडा वेळ प्युरोमायसिन द्यायचं आणि त्याच्याच अँटीबॉडीने ब्लॉट करायचा. सिग्नल शून्य आला तर अँटीबॉडी बदलायच्या आधी सेल लाईनचा इतिहास बघा, नॉकडाऊन लाईन (एखादा जीन दाबलेल्या सेल्स) प्युरोमायसिनवर सिलेक्ट केलेली असेल तर तिच्यात रेझिस्टन्स जीन आहे आणि तो एन्झाईम प्युरोमायसिनला निकामी करतोय. कंट्रोल लाईन साधी आणि नॉकडाऊन लाईन रेझिस्टंट असेल तर अजूनच वाईट, कारण "नॉकडाऊनने ट्रान्सलेशन पडलं" असा सुंदर पण खोटा रिझल्ट हातात येतो!! लेबलिंग १० मिनिटांच्या आसपास ठेवा, आधी सायक्लोहेक्सिमाईड दिलेली एक लेन हवीच, आणि एखादा बँड नाही तर अख्खी लेन मोजून पॉन्सो स्टेनने (ब्लॉटवरची सगळी प्रोटीन्स रंगवणारा डाय) नॉर्मलाईज करा.

फॉस्फो-एस६ म्हणजे ट्रान्सलेशन रेट नव्हे

रायबोसोमल प्रोटीन एस६ वर फॉस्फेट दिसला म्हणजे सिंथेसिस जोरात, हे समीकरण सोडा. ज्या उंदरांच्या एस६ वर फॉस्फेट बसूच शकत नाही असे २००५ मध्ये बनवले, त्यांच्या सेल्समध्ये सिंथेसिस कमी नाही तर जास्त निघालं. शिवाय २३५/२३६ या जागांवर आरएसके हा दुसरा कायनेज (फॉस्फेट लावणारा एन्झाईम) पण फॉस्फेट लावतो, म्हणून एस६ कायनेज बघायचं असेल तर २४०/२४४ ची अँटीबॉडी घ्या. पण तो पाथवेचा रीडआऊट, रेट हवा असेल तर रेटच मोजा.

अनायसोमायसिन या आणखी एका ट्रान्सलेशन ब्लॉकरबद्दल एवढंच की ते सिंथेसिस पूर्ण थांबत नाही अशा कमी डोसलाही जेएनके आणि पी३८ हे स्ट्रेसचे कायनेज पेटवतं, सिग्नलिंगच्या प्रयोगात ते निव्वळ ट्रान्सलेशन ब्लॉकर म्हणून वापरू नका.

बाकी किरकोळ वाटणारं

लुसिफरेज (प्रकाश देणारं रिपोर्टर एन्झाईम) कमी आलं तर कम्पाउंड थेट लुसिफरेजलाच अडवतंय का ते शुद्ध एन्झाईमवर बघा, स्क्रीनमधले कितीतरी हिट्स इथेच गळतात. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या ई. कोलायचा ओडी (कल्चरचा गढूळपणा) खाली येत नाही म्हणून घाबरू नका, ते वाढ थांबवतं, सहसा मारत नाही. ॲमिनोग्लायकोसाईड्स (स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स) सेलमध्ये जायला प्रोटॉन मोटिव्ह फोर्स (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक) लागतो, ऑक्सिजनशिवाय वाढवलेल्या कल्चरवर ती फिकी पडणारच. जी४१८ (सेल्स सिलेक्ट करायचं अँटिबायोटिक) ची ॲक्टिव्हिटी लॉटप्रमाणे बदलते, नवीन लॉट आला की किल कर्व्ह (किती डोसला सेल्स मरतात ते बघणं) परत करा. टेट्रासायक्लिन उजेडापासून लांब ठेवा. सायक्लोहेक्सिमाईड अल्कलाईन सोल्युशनमध्ये खराब होतं, आणि ते माणसालाही विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच पावडर तोला.