कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्रावरील परिषदेसाठी विद्यार्थ्यांनी प्रस्ताव कसा पाठवावा

औद्योगिक आणि संघटनात्मक, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, मानसशास्त्राच्या परिषदांमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जेवढी जागा मिळते, तेवढी फार थोड्या विषयांत मिळते. अमेरिकेतील ‘सायॉप’ (SIOP) या या क्षेत्रातील संघटनेची वार्षिक परिषद १९८६ साली शिकागोत पहिल्यांदा भरली, युरोपातील ‘ईएडब्ल्यूओपी’ (EAWOP) या संघटनेचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते, आणि ‘आयओओबी’ (IOOB) या नावाची परिषद तर वेगवेगळ्या विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीच भरवली. अशा परिषदांमध्ये विद्यार्थ्याचा प्रस्ताव, म्हणजे आपले संशोधन मांडता यावे म्हणून पाठवलेला लेखी सारांश, नाकारला जातो तो बहुधा त्याचे संशोधन लहान आहे म्हणून नव्हे, तर ते नेमके कशाबद्दल आहे हे परीक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही म्हणून. परीक्षक हे काम बहुतेक ठिकाणी विनामूल्य आणि स्वतःच्या नोकरीतून वेळ काढून करतात, आणि एकेकाकडे अनेक प्रस्ताव असतात. प्रश्न कोणता आहे आणि त्याचे उत्तर कशाच्या आधारावर दिले आहे, एवढे त्यांना पहिल्या परिच्छेदातच दिसावे, हा या लेखातील सर्व सूचनांचा गाभा आहे.

सुरुवात लेखनापासून न करता परिषदेच्या सूचनापत्रकापासून करावी. शब्दमर्यादेत तक्ते आणि संदर्भसूची धरली आहे की नाही, माहितीचे संकलन पूर्ण झालेले असणे आवश्यक आहे का, एका व्यक्तीला किती प्रस्तावांमध्ये प्रथम लेखक म्हणून नाव देता येते, आणि निवड झाल्यास नोंदणी व उपस्थिती बंधनकारक आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे पत्रक वाचून एका कागदावर लिहून काढावीत. अंतिम मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हेही त्याच कागदावर लिहावे. केवळ तेवढ्या चुकीमुळे महिनाभराचे काम वाया जाऊ शकते.

त्यानंतर सादरीकरणाचा प्रकार निवडावा. पोस्टर (एका फलकावर मांडलेले संशोधन), परिसंवाद, पॅनेल चर्चा आणि कार्यशाळा हे नेहमीचे प्रकार आहेत. पहिल्या प्रस्तावासाठी माझे मत निःसंदिग्धपणे पोस्टरच्या बाजूने आहे. पोस्टरसाठी जागा जास्त असतात, प्रस्ताव एकट्याच्या बळावर उभा राहतो आणि सादरीकरणाच्या वेळी ज्यांना खरोखर रस आहे तेच समोर येऊन बोलतात. परिसंवादात मात्र तीन-चार निबंध एका सूत्रात बांधावे लागतात, आणि त्यांतला एक निबंध कच्चा असला तर बाकीचे चांगले निबंधही त्याच्याबरोबर नाकारले जातात. मार्गदर्शकांच्या परिसंवादात एक निबंध देण्याची संधी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, पण स्वतः परिसंवाद जुळवण्याचे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. उदाहरण म्हणून अशी कल्पना करू की एका विद्यार्थिनीने रात्रपाळी करणाऱ्या १४२ परिचारिकांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे, आणि वरिष्ठांकडून मिळणारा आधार व भावनिक थकवा यांचा संबंध तिला तपासायचा आहे. तिच्या पहिल्या मसुद्याचे शीर्षक असे असू शकते : ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर विविध संघटनात्मक घटकांचा होणारा परिणाम : एक अभ्यास’. या शीर्षकात कोणते कर्मचारी, कोणते घटक आणि कसले स्वास्थ्य, यांतले काहीच नाही, आणि ‘परिणाम’ हा शब्द तर चुकीचाच आहे, कारण एका वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून संबंध कळतो, कार्यकारणभाव कळत नाही. तेच शीर्षक ‘वरिष्ठांचा आधार आणि रात्रपाळीतील परिचारिकांचा भावनिक थकवा’ असे केले की परीक्षकाला अर्धा प्रस्ताव तिथेच समजतो. शीर्षक लिहिण्याआधी तिने एक साधे वाक्य लिहून समोर ठेवावे : ‘ज्या परिचारिकांना वरिष्ठांचा आधार जास्त वाटतो, त्यांना रात्रपाळीत थकवा कमी वाटतो का, हे मी तपासत आहे.’ ज्याला हे वाक्य लिहिता येत नाही त्याचा अभ्यास अजून प्रस्तावासाठी तयार नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

प्रास्ताविकात पूर्वीच्या संशोधनाची जंत्री देण्याचा मोह टाळावा. नोकरीच्या मागण्या (कामाचा ताण) आणि संसाधने (उदा. वरिष्ठांचा आधार) यांचे जे प्रारूप २००१ पासून या क्षेत्रात सर्वत्र वापरले जाते, त्याचा आधार घ्यायचा असेल तर ते सर्वांना माहीत आहे असे धरून दोन वाक्यांत मांडावे आणि उरलेली जागा त्या प्रारूपातून रात्रपाळीबद्दल काय अपेक्षित ठरते हे सांगण्यासाठी ठेवावी. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य एकटे कधीही पुरेसे नसते. संशोधन झालेले नाही म्हणून कोणाचे काय अडले आहे, हे पुढच्याच वाक्यात यायला हवे.

पद्धतीच्या भागात मात्र हात आखडता घेऊ नये. नमुना कसा मिळवला, किती जणींना विचारले आणि किती जणींनी प्रतिसाद दिला, कोणती प्रश्नावली वापरली, तिच्यात किती विधाने होती, हे सर्व लिहावे. भावनिक थकवा मोजण्यासाठी मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी ही प्रचलित प्रश्नावली वापरली असेल, तर तिच्या मूळ आवृत्तीतील २२ विधानांपैकी थकव्याची ९ विधानेच घेतली की पूर्ण प्रश्नावली दिली, हा तपशील परीक्षक हमखास शोधतात. प्रश्नावलीचे भाषांतर केले असल्यास ते कोणी केले आणि उलट भाषांतर (पुन्हा मूळ भाषेत भाषांतर) करून तपासले का, तेही सांगावे. विश्वासार्हतेसाठी क्रॉनबॅक अल्फाचे (प्रश्नावलीतील विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे दाखवणाऱ्या आकड्याचे) मूल्य स्वतःच्या नमुन्यावरून काढलेले द्यावे. मूळ लेखातील आकडा उचलून देणे योग्य नाही.

निकालांच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान करणारे वाक्य म्हणजे ‘निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल’. परीक्षकाला निष्कर्ष आत्ताच वाचायचे असतात. वरच्या उदाहरणात सहसंबंध गुणांक (दोन गोष्टींचा संबंध किती घट्ट आहे हे उणे १ ते १ या मापावर दाखवणारा आकडा) उणे ०.३१ आला असेल तर तो तसाच लिहावा, त्याच्याबरोबर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरे मूल्य ज्या टप्प्यात असण्याचा अंदाज आहे तो), म्हणजे सुमारे उणे ०.४५ ते उणे ०.१५, द्यावा, आणि आधार व थकवा यांच्यातील फरकांचा सुमारे १० टक्के भाग सामाईक आहे हे साध्या शब्दांत सांगावे. ‘अत्यंत महत्त्वपूर्ण संबंध आढळला’ असे लिहिण्यापेक्षा हा साधा आकडा अधिक विश्वास निर्माण करतो. नमुन्याच्या आकाराबद्दलही असेच आहे. ०.३० इतका सहसंबंध ८० टक्के सामर्थ्याने (संबंध खरोखर असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ या सार्थकता पातळीवर (संबंध नसताना तो आहे असे ठरण्याचा धोका) शोधायला सुमारे ८५ जण पुरतात, पण ०.१० इतका क्षीण सहसंबंध शोधायला सुमारे ७८० जण लागतात. त्यामुळे १४२ हा आकडा आपल्या प्रश्नासाठी पुरेसा का आहे, हे एका वाक्यात दाखवता येते, आणि ज्याने ते दाखवले त्याचा प्रस्ताव लगेच वेगळा दिसतो.

मर्यादा लपवू नयेत. आधार आणि थकवा दोन्ही एकाच व्यक्तीने एकाच वेळी, एकाच प्रश्नावलीत नोंदवले असतील तर त्यामुळे संबंध फुगून दिसू शकतो. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील लेखापासून हा आक्षेप या क्षेत्रातल्या प्रत्येक परीक्षकाच्या ओठावर असतो. तो आपणच आधी मांडावा आणि त्यावर काय केले ते सांगावे, मग ते दोन प्रश्नावल्यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवणे असो किंवा पाळ्यांची संख्या रुग्णालयाच्या नोंदींवरून घेणे असो. काहीच केले नसेल तर तसेही लिहावे. विश्लेषण झाल्यावर जे निघाले तेच आपले आधीपासूनचे गृहीतक होते असे भासवणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये या सवयीला ‘हार्किंग’ हे नाव दिले, आणि अनुभवी परीक्षकाला ती बरेचदा ओळखू येते, कारण अशा प्रस्तावात प्रत्येक गृहीतक संशयास्पद रीतीने खरे ठरलेले असते. एखादे गृहीतक खोटे ठरले असेल तर ते तसेच राहू द्यावे. अनपेक्षितपणे काही सापडले असेल तर ते ‘शोधात्मक’ असे म्हणून वेगळे मांडावे.

माहितीचे संकलन अर्धवट असेल तर काय करावे, हा विद्यार्थ्यांचा कायमचा प्रश्न असतो. परिषदेचे नियम परवानगी देत असतील तर प्रस्ताव पाठवावा, पण आजवर किती प्रतिसाद आले, किती अपेक्षित आहेत आणि संकलन कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल, हे नेमकेपणाने लिहावे. ६० प्रतिसादांवरचे प्राथमिक निकाल ‘प्राथमिक’ म्हणून दिले तर चालते. न झालेल्या कामाचे वर्णन भूतकाळात करणे चालत नाही.

एका बाबतीत मी आग्रही आहे, आणि ती म्हणजे ज्यांनी प्रश्नावली भरून दिली त्यांची ओळख. संस्थेचे नाव गाळले म्हणजे गोपनीयता पाळली, असे समजण्याची चूक सर्रास होते. वर्णनात ‘एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभाग, ५ परिचारिका, त्यांपैकी एकीची सेवा २० वर्षांपेक्षा जास्त’ असे लिहिले, तर त्या विभागातला कोणीही ती व्यक्ती कोण हे क्षणात सांगेल, आणि तिने आपल्या वरिष्ठांबद्दल दिलेले उत्तर त्याच वरिष्ठांपर्यंत पोहोचू शकेल. म्हणून लहान गट एकत्र करून आकडे द्यावेत, सेवाकाळ आणि वय पट्ट्यांमध्ये द्यावे, आणि मुलाखतीतील वाक्ये उद्धृत करताना त्यातली ओळख पटवणारी खूण काढून टाकावी. या माणसांनी आपल्या नोकरीच्या बाबतीत आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. नैतिक समितीची परवानगी मिळाली असल्याचा उल्लेख एका वाक्यात करावा.

प्रस्ताव नाव न कळता तपासला जाणार असेल तर मुखपृष्ठावरचे नाव काढणे पुरेसे नाही. ‘आमच्या पूर्वीच्या अभ्यासात’ असा उल्लेख, नैतिक समितीच्या नावात आलेले विद्यापीठ आणि फाइलच्या गुणधर्मांमध्ये आपोआप नोंदले गेलेले लेखकाचे नाव, या तीन ठिकाणी ओळख उघडी पडते. तिन्ही प्रस्ताव दाखल करण्यापूर्वी तपासावीत.

सहलेखक कोण आणि कोणत्या क्रमाने, हे आधीच ठरवावे आणि मार्गदर्शकांना मसुदा मुदतीच्या किमान दोन आठवडे आधी द्यावा, कारण त्यांना न विचारता त्यांचे नाव घालणे हा गंभीर प्रमाद आहे. या क्षेत्राबाहेरच्या एका मित्रालाही मसुदा वाचायला द्यावा आणि वाचून झाल्यावर अभ्यास कशाबद्दल होता ते एका वाक्यात सांगायला लावावे. त्याचे वाक्य आणि आपण समोर ठेवलेले वाक्य जुळले नाही, तर दोष मित्राचा नसतो. प्रस्ताव मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल करावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

निकाल नकारात्मक आला तरी परीक्षकांचे शेरे वाचून फाइल बंद करू नये. दोन परीक्षकांनी एकच गोष्ट कळली नाही असे म्हटले असेल, तर ती गोष्ट खरोखरच नीट लिहिलेली नाही. एकट्याचाच शेरा असेल तर मार्गदर्शकांशी बोलून ठरवावे आणि सुधारलेला मसुदा पुढच्या परिषदेकडे पाठवावा. निवड झाली तर पोस्टर करताना त्या वेळी मिशिगन स्टेट विद्यापीठात संघटनात्मक मानसशास्त्रात पीएच.डी. करत असलेल्या माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये सुचवलेली रचना पाहावी. त्यांनी मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत पोस्टरच्या मधोमध ठेवला आणि तपशील कडेच्या पट्ट्यांमध्ये नेला. त्या मधल्या जागेत काय लिहायचे हे शोधत बसावे लागू नये. शीर्षकाच्याही आधी लिहून ठेवलेल्या त्या एका वाक्याचे उत्तर तिथे लिहावे.