खाडीकाठी कांदळवन लागवड: आधी पाणी, मग रोप

पाऊस धरला की कोकणच्या खाडीकाठी कांदळवनाच्या, म्हणजे खारफुटीच्या, लागवडीची घाई सुरू होते. आषाढ ते भाद्रपद हे दिवस योग्यच आहेत. कांदळ आणि तिवर या खारफुटीच्या दोन जाती; कांदळाच्या शेंगा आणि तिवराचं बी याच सुमारास पिकून गळतं. पण कुदळ उचलण्याआधी एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीला) त्या जागेवर जाऊन पाणी कुठवर चढतं ते पाहा. कांदळवन सुकून गेलेल्या जागी बहुतेकदा भरतीची वाटच बुजलेली असते. कुठे भराव पडलेला, कुठे उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कायमची बंद. ती वाट मोकळी झाली आणि जवळपास जुनी झाडं असली, तर बी पाण्याबरोबर येऊन आपसूक रुजतं. अशा ठिकाणी लागवडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. जुन्या झाडांना धक्का लागेल असं खोदकाम मात्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय करू नका.

लावायचंच असेल तर शेजारच्या खाडीत त्याच उंचीवर काय वाढलंय ते पाहून तेच लावा. कांदळाची शेंग झाडावरून ओरबाडू नका. टोपीखाली पिवळसर कडं दिसतं आणि हात लावताच शेंग सुटते, तेव्हा ती पिकलेली असते. हिरवी तोडलेली सहसा रुजत नाही. वाकडी, किडीनं पोखरलेली बाजूला काढा. निमुळतं टोक खाली धरून शेंगेचा साधारण तिसरा हिस्सा चिखलात जाऊ द्या. दोन शेंगांत दीड मीटर अंतर पुरे. उलटी खोचलेली शेंग वाया जाते, म्हणून शाळेची मुलं लावत असतील तर जाणता माणूस सोबत ठेवा. काम अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाला काढा. पुढच्या उधाणाआधी मुळं धरायला थोडे दिवस मिळतात.

ओहोटीला उघडा पडणारा खालचा मोकळा चिखल सोडून द्या. तिथं रोपं सहसा टिकत नाहीत, आणि बायकांची तिसऱ्या-कालवं (शिंपले) वेचायची जागाही तीच असते. जागा ठरवायच्या बैठकीत त्या नसतील तर बैठक पुन्हा घ्या. आमच्या मते फोटोसाठीची निम्मी लागवड याच चिखलात वाया जाते.

पहिली दोन वर्षं राखण हवीच. गुरं तिवराचा पाला आवडीनं खातात, म्हणून चराईची हद्द गावानंच ठरवावी. दर उधाणानंतर रोपांत अडकलेली जाळी आणि प्लॅस्टिक काढा.

बांधाच्या आत खारभात (खारट जमिनीतलं भात) असेल तर पावसाचं पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडा, म्हणजे मीठ धुपून जातं. लावणी त्यानंतरच करा. खारट जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या भाताच्या जाती आहेत.

खेकडापालन, कालवं किंवा पिंजऱ्यात जिताडा मासा करायचा असेल, तर राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेची चौकशी गटानं करावी. पोटाखाली अंडी दिसणारी चिंबोरी (खेकडा) सापडली तर मात्र लगेच पाण्यात सोडा.