श्रावणी शुक्रवार: जिवतीची पूजा आणि पुरणाची आरती

पंचांगात शुक्रवारला भृगुवासर म्हणतात, कारण शुक्र हा भृगू ऋषींचा मुलगा. हा वार एरवीही देवीचाच. श्रावणात मात्र तो जिवतीचा, म्हणजे मुलाबाळांना सांभाळणाऱ्या देवीचा होतो. महाराष्ट्रात श्रावण आषाढ अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे उत्तरेकडचं कॅलेंडर बघून तारीख ठरवली तर पंधरा दिवस आधीच घाई होते. महिन्यात चार शुक्रवार येतात, कधी पाच. 2023 सारखा अधिक श्रावण आला तर अधिकात जिवती नाही, निज श्रावणातच.

जिवतीचा कागद श्रावणाच्या आधीच पूजेच्या दुकानांत येतो. त्यावर चार चित्रं असतात: हिरण्यकश्यपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, भोवती मुलं असलेल्या जरा-जिवंतिका (याच जिवती) आणि बुध-बृहस्पती, एक हत्तीवर तर दुसरा वाघावर. कागद घेताना चारही चित्रं आहेत ना ते पाहा, कारण प्रत्येकाचा दिवस वेगळा. बुध-बृहस्पतीची पूजा बुधवारी आणि गुरुवारी, जिवतीची शुक्रवारी, नरसिंहाची शनिवारी. कृष्णाचा मान नागपंचमीला. यातली जरा म्हणजे महाभारतात जरासंधाची दोन शकलं जोडून त्याला जिवंत करणारी राक्षसीण. राक्षसीण असली तरी मूल वाचवलं म्हणून ती देव्हाऱ्यात आली. आपल्याकडची देवाची व्याख्या अशी व्यवहारी आहे.

कागद काही घरांत दिव्याच्या अवसेला लावतात, काही घरांत श्रावणाच्या पहिल्या दिवशी. भिंतीला थेट चिकटवू नका. महिनाभर पावसाळी ओल असते, कागद फुगतो आणि काढताना फाटतो. पुठ्ठ्यावर लावून टांगा किंवा सरळ फ्रेम करा, दरवर्षी तीच वापरता येते. हाराची खिळी मात्र चित्राच्या वर, वेगळी ठोका. आघाडा-दुर्वांचा ओला हार जड असतो. तो कागदालाच अडकवला की दुपारपर्यंत खाली आलेला दिसतो.

आघाडा बाजारात जुडीने मिळतो, पण रस्त्याकडेचा खुडणार असाल तर ओळख पक्की हवी. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि शेंड्याला लांब तुरा असतो. त्याची बारीक काटेरी फळं खाली तोंड करून असतात आणि जाता-येता कपड्यांना चिकटतात. तुरे काढून कोवळी पानं घ्या. दोऱ्यात एक आघाड्याचं पान, तीन दुर्वा, मधूनमधून एखादं फूल असं गाठ मारत गुंफा. गाठ देठापासून बोटभर वर मारली की दुर्वा निसटत नाहीत. याशिवाय कापसाचं गेजवस्त्र लागतं. ते बहुतेक घरांत एकवीस मण्यांचं करतात आणि मण्यामण्याला कुंकवाचं बोट लावतात.

नैवेद्य एरवीच्या शुक्रवारी दूध-साखरेचा पुरतो. पुरण सगळ्या शुक्रवारी कोणाला जमत नाही. एक शुक्रवार ठरवून त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलवायची आणि पुरणाची आरती करायची, हे बरं.

पुरणासाठी 1 वाटी हरभरा डाळ तासभर भिजवा. 3 वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला 4-5 शिट्ट्या करा. डाळ चाळणीत ओतून किमान 10 मिनिटं निथळू द्या. खालचा कट आमटीला ठेवा. मग 1 वाटी चिरलेला गूळ घालून शिजवा. गूळ विरघळला की मिश्रण आधी पातळ होतं, तेव्हा घाबरून डाळीचं पीठ घालू नका. झारा मधोमध उभा राहीपर्यंत हलवत राहा, मग वेलदोडा-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की ते फिरता फिरत नाही.

आरतीचे दिवेही याच पुरणाचे करतात. ते कोसळतात ते पुरण सैल राहिल्यामुळे. पोळीला चालणारं पुरण दिव्याला चालत नाही. दिव्यांपुरतं, साधारण पाऊण वाटी, बाजूला काढून कढईत आणखी 5 मिनिटं परता आणि पूर्ण गार करा. तुपाच्या हाताने लिंबाएवढे पाच गोळे करा, अंगठ्याने मध्ये खळगा पाडा, पण निम्म्याच्या खाली जाऊ नका. तळ जाड हवा. खळग्यात पातळ तूप ओतलं तर ते पुरणात मुरतं, दिवा मऊ होतो आणि वात कलंडते. म्हणून फुलवाती आदल्या रात्री तुपात घोळवून फ्रिजमध्ये थिजवून ठेवा आणि तशाच बसवा. असे दिवे औक्षण होईस्तोवर आरामात जळतात. शेजारी एक साधं निरांजन असू द्या, एखादा दिवा विझला तर त्यावरून लावता येतो.

आधी जिवतीला हळद-कुंकू, गेजवस्त्र, हार, नैवेद्य. मग हातात अक्षता घेऊन कहाणी. जिवतीच्या कहाणीतली आई आपलं पळवलेलं मूल जिथे असेल तिथे सुखी राहो म्हणून रोज अक्षता टाकते, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. शुक्रवारची दुसरी कहाणीही वाचतात. त्यात श्रीमंत भाऊ जेवणाच्या पंगतीतून गरीब बहिणीला उठवतो, आणि पुढे तिला बरे दिवस आल्यावर आदराने बोलावतो तेव्हा ती पानातलं अन्न स्वतःला न घेता दागिन्यांवर ठेवते. ही मुलांना जास्त आवडते.

औक्षण हा या दिवसाचा गाभा. वेळ कमी असेल तर पुरणपोळ्या विकत आणा, पण हे टाळू नका. मुलांना पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. कुंकू लावा, डोक्यावर अक्षता टाका, सुपारी आणि अंगठी ओवाळा, मग पुरणाचे दिवे. मुलींनाही ओवाळायचं, हे सांगावं लागू नये. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकून त्याचं नाव घ्यायचं. हल्ली व्हिडिओ कॉलवर ओवाळतात, तेही चालतं. फक्त फोन उभा करून हातभर लांब ठेवा. नंतर वातीची काजळी लागलेला भाग काढून दिवे मुलांनाच खायला द्यायचे.

संध्याकाळी हळदीकुंकू, दूध आणि फुटाणे. शेजारची विधवा बाई यायला तयार असेल तर तिलाही बोलवावं. पूजा मुलांसाठी आहे आणि मुलं तिलाही आहेत.

एक घोळ हमखास होतो. शुक्रवारी आंबट खायचं नाही हा नियम संतोषीमातेच्या व्रताचा आहे. जिवतीला तो लागू नाही, कटाच्या आमटीत चिंच बिनधास्त घाला. घरात कोणी ते व्रत धरलं असेल तर आमटी वेगळी काढण्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांनाच साधं वरण करा, कारण त्या व्रतात आंबट वाढायचंही नसतं. हार रोज बदलत राहा. पिठोरी अमावास्येला श्रावण संपला की कागद उतरवा, निर्माल्य कुंडीत मातीत पुरा.