चवळीवरचा मावा घालवला, ढालकिडे राखले

शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, नुसता खचाखच, पानं चिकट, मुंग्यांची ये-जा चालूच. दुकानदार म्हणाला कडक औषध मारा, पण तिथंच ढालकिड्याच्या (लेडीबर्ड भुंग्याच्या) काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या मावा फस्त करत होत्या, त्यांना मारायचं जिवावर आलं. मग ५% निंबोळी अर्क केला, म्हणजे ५०० ग्रॅम निंबोळी कुटून आदल्या रात्री भिजवली, फडक्यातून गाळून १० लिटर केलं, थोडा साबणचुरा टाकला. फवारलं संध्याकाळीच, उन्हात अर्काचा जोर लवकर जातो आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. निंबोळीनं ढालकिड्याच्या अळीचीही कात अडकू शकते बरं का, नैसर्गिक असलं तरी! म्हणून अळ्या असलेले शेंडे सोडून बाकीच्यांवरच मारलं. मावा लगेच पडत नाही, हळूहळू ओसरला, राहिलेला ढालकिड्यांनी संपवला.