लाळग्रंथींच्या पुनरुज्जीवनावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

खारघरच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिली सूचना करते ती ही की, पेशी वाढवायला शिकण्याआधी तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांशी बोलून घ्या. त्यांच्यापैकी अनेकांना भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते आणि दात भराभर किडतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटल्यावर जेवण, बोलणे, झोप सगळेच कसे अवघड होते, हे रुग्णच सांगू शकतो.

लाळ स्रवणाऱ्या ॲसिनार पेशी सावकाश विभागतात, तरीही किरणांचा फटका त्यांना लवकर बसतो; पुढे त्यांची जागा घेणाऱ्या मूळपेशीही घटल्याने ग्रंथी भरून येत नाही. पायलोकार्पिन हे औषध उरलेल्या पेशींनाच चेतवते. म्हणून आयएमआरटीने (किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करण्याच्या किरणोपचार पद्धतीने) पॅरोटिड ग्रंथी, म्हणजे कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथी, मुळातच वाचवणे हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि पुनरुज्जीवनाच्या उत्साहात त्याचे महत्त्व कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते.

वाचनाची सुरुवात नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या रॉब कॉप्स यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवर केलेल्या मूळपेशी-रोपणापासून करावी. त्यानंतर अमेरिकेतील ब्रूस बॉम यांच्या गटाचा २०१२ चा जनुकोपचाराचा निबंध वाचावा. त्यात ११ रुग्णांच्या पॅरोटिडमध्ये ॲक्वापोरिन-१ चे (पेशीतून पाणी ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाचे) जनुक सोडले होते व ५ जणांची लाळ वाढून त्रासही कमी झाला. मात्र त्यात नवी ग्रंथी घडत नाही, उरलेल्या पेशींनाच पाणी सोडायला लावले जाते.

प्रत्यक्ष कामात मॅट्रिजेल, म्हणजे पेशी ज्यात वाढवायच्या ते जेल, कायम बर्फावर ठेवा आणि पिपेटच्या टिपाही आधी थंड करा, कारण ते जरा कोमट झाले की टिपेतच गोठते. त्यात काही दिवसांनी पेशींचे गोल पुंजके दिसू लागले की विद्यार्थी हरखतात, पण पुंजका वाढला म्हणजे लाळ आली असे नव्हे. त्याला कार्बाकॉल (लाळ स्रवायला चेतवणारे रसायन) दिल्यावर पेशींतील कॅल्शियम वाढते का आणि ॲक्वापोरिन-५ हे लाळेतले पाणी बाहेर सोडणारे प्रथिन योग्य जागी दिसते का, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. मानवी ऊती बहुधा मानेच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या जबड्याखालच्या ग्रंथीतून मिळते. त्यासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधीच हाती हवी, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी थंड माध्यमाची बाटली घेऊन थिएटरबाहेर वेळेवर हजर राहायला हवे.