विंडोज टाकले, पण संगणक सुरूच होत नाही

विंडोज टाकून झाल्यावर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढेच उमटले, की चार जण एकच सल्ला देतात : पुन्हा फॉरमॅट मारा. कारण न शोधता केलेले फॉरमॅट म्हणजे वाया गेलेला दिवस, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

प्रथम विंडोज टाकायला वापरलेला पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही तोच संदेश आला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅममध्ये, डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर तिची केबल काढून घट्ट बसवावी, दिसत असेल तर बूटच्या, म्हणजे संगणक कशावरून सुरू व्हावा याच्या, क्रमात तिला पहिले स्थान द्यावे.

डिस्क दिसते, क्रमही बरोबर आहे आणि तरी संगणक सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा बूटच्या पद्धतीत असतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात, पीकविम्याचे अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत, सेवा केंद्राच्या जुन्या डेस्कटॉपवर मी तीनदा विंडोज टाकले. दिवसभर संगणक उत्तम चाले. रात्री वीज जाई किंवा मुख्य बटण बंद केले जाई आणि सकाळी पुन्हा काळा पडदा दिसे. चौथ्या दिवशी माझे लक्ष बायोसमधील तारखेकडे गेले, तर ती कित्येक वर्षे मागे गेलेली होती. मदरबोर्डवरील बॅटरी संपल्यामुळे वीज तुटली की बायोस मूळ मांडणीवर, म्हणजे यूईएफआय या बूटच्या नव्या पद्धतीवर, परत जात होता. मी मात्र विंडोज लेगसी या जुन्या पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर टाकले होते. निव्वळ यूईएफआयवर चालणारा संगणक अशा डिस्कवरून विंडोज सुरू करत नाही.

म्हणून तारीख चुकलेली दिसताच सीआर२०३२ ही ३ व्होल्टची, नाण्यासारखी बॅटरी आधी बदलावी आणि त्यानंतरच बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुनी पद्धत चालू देणारा पर्याय) सुरू करून पाहावे. विंडोज उघडले तर रोग सापडला. संगणक तसाच लेगसीवर ठेवला तरी चालतो; परंतु विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ आवृत्तीपासून मिळणाऱ्या एमबीआर२जीपीटी या आज्ञेने माहिती न पुसता डिस्क जीपीटी या नव्या विभागणीची करून बायोस यूईएफआयवर आणणे मला अधिक पसंत आहे. आधी याच आज्ञेने केवळ तपासणी करून घ्यावी, आणि माहिती पुसली जात नसली तरी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवल्याशिवाय रूपांतराला हात लावू नये.

नव्याने विंडोज टाकावेच लागले तर बूटच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, हे ध्यानात ठेवावे. ज्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेले असते तेच निवडावे. दुसरे निवडल्यास विंडोज लेगसी पद्धतीने पडते.

नवीन एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क) बसवताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवू नये. बूटच्या फायली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच जातात आणि ती काढताच नवी एसएसडी मुकी होते.