उंचीवरून टोमणा आला की काय लिहायचं

माझी उंची ५ फूट २ इंच. धंदा टेलरिंगचा, दुकान कराडात. आमच्या दुकानात 'उंची' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा निघतो. पॅंटची उंची, शर्टाची उंची, बाहीची उंची. त्यात कुणाला काही लागत नाही. तोच शब्द रात्री मोबाइलवर दिसला की मात्र कानशिलं तापतात.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या एका क्रिकेटच्या ग्रुपवर मी पंचाच्या निर्णयावर काहीतरी बोललो. एकाने लिहिलं, 'टिंगू, आधी काउंटरच्या वर दिस, मग बोल.' मी रात्री अडीचपर्यंत भांडलो. त्याच्या टकलावरून बोललो, त्याच्या बायकोवरून बोललो, मग एकूणच बायका कशा उंची बघून भाळतात यावर घसरलो. त्यातलं शेवटचं आठवलं की अजून मान खाली जाते. सकाळी त्याचे स्क्रीनशॉट गावभर. शाळेचे गणवेश न्यायला आलेली पोरं 'टिंगू टेलर' म्हणून खिदळत होती. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो. मी काही मानसशास्त्रज्ञ नाही, पण माप घेणं हा माझा धंदा आहे.

सर्वांत आधी समोरचं वाक्य काय आहे ते बघा. ती फिरकी आहे, आवड आहे की दावा आहे? तिन्हींना एकच उत्तर दिलंत तर कोटाचं माप घेऊन बंडी शिवल्यासारखं होतं.

फिरकी मित्राची असते. तिला लेख लिहून उत्तर देऊ नका. लागलं असेल तर त्याला फोन करा आणि सांगा, 'समोर काय बोलायचं ते बोल, ग्रुपवर नको.' माझ्या अनुभवात दहातले आठ जण ऐकतात. उरलेले दोघे मित्र नव्हतेच.

आवड म्हणजे एखादी मुलगी लिहिते, 'मला माझ्यापेक्षा उंच नवरा हवा.' इथे काहीच लिहू नका. तिला कुणाशी लग्न करायचंय हा ग्रुपवर वाद घालून ठरवायचा विषय नाही, आणि तुम्ही तिला पटवून दिलंत तरी ती तुमच्याशी लग्न करणार नाही. स्थळाच्या बायोडाट्यात उंचीचा रकाना आपल्याच घरांनी घातला. माझ्या धाकट्या भावासाठी एक चांगली स्थळाची मुलगी आमच्या आईने नाकारली. कारण काय, तर ती त्याच्यापेक्षा दोन इंच उंच, 'जोडा शोभायचा नाही'. तेव्हा मी चहा पीत गप्प बसलो होतो. आता परदेशी डेटिंग अ‍ॅपवर उंचीची चाळणी लावता येते म्हणून पोरं चिडतात. चाळणी जुनीच आहे, फक्त आता आपण वरून खाली गळतोय.

दावा मात्र सोडू नका. 'साडेपाच फुटाखालचा पुरुष म्हणजे पुरुषच नव्हे', 'बुटके लोक आगाऊच असतात', 'असल्याला साहेब करून कोण ऐकणार'. इथे एका माणसाची आवड उरत नाही, एका अख्ख्या गटावर शिक्का मारला जातो. उत्तर यालाच द्यायचं.

आता उत्तर कसं, याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला धडा २०२५च्या नोव्हेंबरातला आहे. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. आफ्रिकेचा कर्णधार टेम्बा बावुमा साधारण माझ्याच मापाचा, फार तर दोन इंच जास्त. पायचीतचं अपील झालं, रिव्ह्यू घ्यायचा की नाही यावर आपल्या खेळाडूंची चर्चा चालली होती आणि स्टंपच्या माइकने त्यातला 'बौना' हा शब्द जगाला ऐकवला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर तीनशे मेसेज.

एक बाजू म्हणाली, 'अरे, पायचीत ठरवताना उंची बघावीच लागते. ही तांत्रिक चर्चा आहे.' हे अर्धं खरं होतं, म्हणून जास्त अवघड होतं. चेंडू मांडीला लागला तर उंच फलंदाजाच्या बाबतीत तो यष्टींवरून जाईल, बुटक्याच्या बाबतीत लागेलही. मी तेवढं आधी कबूल केलं आणि मग लिहिलं: 'उंची बघावी लागते, मान्य. मग "उंची कमी आहे, लागेल" एवढं पुरत होतं. त्यावर जो शब्द आला तो रिव्ह्यूसाठी कशाला लागत होता?' यावर तिघांनी विषय बदलला. समोरच्याच्या बोलण्यातलं खरं असेल तेवढं आधी मोजून त्याच्या पदरात टाका, मग उरलेल्याचा हिशेब मागा.

दुसरी बाजू माझ्या बाजूने होती, आणि तिनेच मला जास्त विचारात पाडलं. बावुमाने दुसऱ्या डावात नाबाद ५५ केल्या. त्या अख्ख्या सामन्यातलं एकमेव अर्धशतक. आपल्याला १२४ हव्या होत्या, आपण ९३ वर आटोपलो, आफ्रिका ३० धावांनी जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याच्याच नेतृत्वाखाली त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद घेतलं होतं. मग काय, ग्रुपवर 'बॅटने उत्तर दिलं', 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'. मीही अंगठा टाकला.

रात्री झोप लागेना. समजा तो शून्यावर बाद झाला असता तर? मग तो शब्द चालला असता का?

ही गोष्ट मी तेव्हापासून धरून बसलोय. आपल्याला टोमणा आला की आपण यादी काढतो. गावसकर, तेंडुलकर, लालबहादूर शास्त्री, मॅराडोना. आमच्या बाजूचा असेल तर शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, ५७ किलो गटात कांस्य. माणसं मोठीच आहेत. पण यादी काढली की आपण समोरच्याचा नियम मान्य करतो: बुटक्या माणसाने आधी कसोटी जिंकावी, मग त्याला मान मिळेल. माझा भाचा सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला कीर्ती नाही, तो ती मिळवायलाही निघालेला नाही. त्याने काय करायचं? म्हणून यादी टाकू नका. दुसऱ्या कुणी टाकली तर खाली हळूच विचारा, 'आणि शतक नसतं काढलं तर?'

(वामनाचा दाखला तर मुळीच देऊ नका. एकदा मी दिला. लगेच एका शेतकऱ्याने लिहिलं, 'आमच्याकडे इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणतात.' ग्रुप दोन दिवस हसत होता, आणि त्याचं बरोबर होतं.)

दुसरी नको ती सवय म्हणजे उलट टोमणा. 'उंच माणसाची अक्कल गुडघ्यात', 'ताडमाड वाढला आणि सावली नाही'. वाचायला मजा येते, पण त्या क्षणी शरीरावरून माणूस जोखायला तुमचीही संमती मिळते. त्याहून वाईट म्हणजे 'मी काय बौना आहे का?' असं चिडून लिहिणं. ज्यांची उंची जन्मजात किंवा वैद्यकीय कारणाने ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंमी किंवा त्याहून कमी राहते, त्यांची स्थिती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे. त्यांच्यावर येणारा शब्द आपल्यावर आला म्हणून आपण तो खाली ढकलायचा नाही. मी लिहितो, 'हा शब्द माझ्यासाठीही नको, त्यांच्यासाठीही नको.'

आणि जातीशी तुलना करू नका. रागात लिहून जातं, 'ही पण अस्पृश्यताच.' नाही. उंची कमी म्हणून माझ्या आजोबांना कुणी विहिरीवरून हाकललं नाही. एवढी मोठी तुलना केलीत की लोक तिच्यावरच भांडतात आणि तुमचा खरा मुद्दा कोपऱ्यात राहतो.

आकडे वापरायचे तर मोजके. कुणी 'नॉर्मल माणूस पाच-नऊचा असतो' म्हणाला तर सांगा, भारतातल्या पुरुषांची सरासरी १६५ सेंमीच्या आसपास आहे, म्हणजे ५ फूट ५ इंच. यावर एखादा हुशार गडी १७७ सेंमी हा आकडा आणून टाकतो. तो कुठून येतो ते माहीत असू द्या. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आहाराच्या हिशेबासाठी जो 'संदर्भ पुरुष' धरला, त्याची ती उंची. शंभर जणांना बुटक्यापासून उंचापर्यंत रांगेत उभं केलं तर पंचाण्णवाव्या जागेवर जो येईल, त्याचं ते माप. सरासरी नव्हे. शिवाय दुकानातला माझा अनुभव असा की स्वतःला पाच-आठ म्हणवणाऱ्या निम्म्यांच्या पॅंटची उंची अडतीसच्या पुढे जात नाही. हे मात्र ग्रुपवर लिहीत नाही, गिऱ्हाईक तुटतं.

'उंचीवरून भेदभाव वगैरे काही नसतो, तुम्ही उगाच रडता' असं आलं तर अमेरिकेतल्या दोन गोष्टी पुरतात. टिमथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की तिथे प्रत्येक जादा इंचामागे वर्षाला साधारण ७८९ डॉलर जास्त पगाराचा संबंध दिसतो. आणि न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये नोकरी आणि घर देताना उंची-वजनावरून भेदभाव करायला कायद्याने मनाई केली. मिशिगन राज्यात तर तो कायदा १९७६ पासून आहे. 'संबंध दिसतो' हे शब्द गाळू नका. पगार उंचीमुळेच वाढतो असं लिहिलंत तर एखादा आकडेशास्त्राचा पोरगा येऊन तुमची शिलाई उसवेल. २००४ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात असं निघालं की आजच्या उंचीपेक्षा सोळाव्या वर्षी किती उंची होती यालाच पगारात जास्त वजन आहे. मला तर हे जास्त पटतं. शाळेत रांगेत कायम पुढे उभं राहिलेल्याला कारण विचारावं लागत नाही.

'नेपोलियन कॉम्प्लेक्स', म्हणजे बुटका माणूस उंचीची कसर आगाऊपणाने भरून काढतो, असं म्हणणाऱ्यावर वेळ घालवू नका. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता म्हणून फ्रेंच मापातली त्याची उंची इंग्रजीत कमी वाटली, नेपोलियन त्याच्या काळाच्या मानाने सरासरीच होता आणि त्याला बुटका केला तो इंग्रज व्यंगचित्रकारांनी. हे एका ओळीत लिहून पुढे जा. या शिक्क्याची गंमत अशी की चिडलात तरी तो खरा ठरतो, गप्प बसलात तरी. मी विचारतो, 'हेच वाक्य सहा फुटी माणसाने लिहिलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?'

पोलीस भरतीचा विषय वेगळा ठेवा. माझा दुसरा भाचा १६३.५ भरला. अट १६५ ची. तो रडला, मीही. पण ती लेखी अट आहे, तिच्यावर वाद घालायचा तर कामाला खरंच किती उंची लागते यावर घालावा. त्याच्या पोस्टखाली मात्र कुणी 'बारला लटक', कुणी 'ही पावडर घे' असं लिहीत होतं. हाडांच्या टोकाची वाढ एकदा थांबली की पावडरने काही होत नाही. अशी जाहिरात दिसली की उत्तर न देता सरळ रिपोर्ट करा. उंचीत दिवसभरात फरक पडतो तो एवढाच की रात्रभर झोपून उठल्यावर मणक्यातल्या चकत्या मोकळ्या झालेल्या असतात, म्हणून सकाळी माणूस साधारण सेंटिमीटरभर जास्त भरतो.

माझा नियम दोन उत्तरांचा आहे. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात माझं म्हणणं, मग त्या चर्चेची घंटा बंद. तिसरं उत्तर समोरच्यासाठी नसतंच, आपल्या जखमेसाठी असतं. रात्री दहानंतर मी लिहीतच नाही. मजकूर नोट्समध्ये ठेवतो, सकाळी दुकान झाडताना परत वाचतो आणि निम्मा खोडतो. शिवी किंवा धमकी असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग अ‍ॅडमिनला, मग ब्लॉक. ज्या ग्रुपमध्ये बुटकी पोरं एकत्र बसून फक्त बायकांना शिव्या देतात, तिथून बाहेर पडा. मी चार महिने होतो. तिथे पहिल्या दिवशी बरं वाटतं, आणि दुकानात ब्लाउज शिवायला आलेल्या बाईकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागलोय हे कळायला वेळ लागतो.

बावुमाच्या त्या वादात शेवटी कोण जिंकलं ते सांगता येणार नाही. दोघा खेळाडूंनी येऊन माफी मागितली, असं नंतर बावुमानेच लिहिलं. आमच्या ग्रुपवर तोवर लिलावाचा विषय सुरू झाला होता. पण दोन दिवसांनी एका पोराचा मला स्वतंत्र मेसेज आला. ग्रुपवर तो कधी बोललेला नव्हता. 'काका, तुमचं वाचलं. लग्नाचा कोट शिवायचाय. तुमच्याकडेच येईन म्हणतो.' मग जरा थांबून, 'उंच दिसेल असा शिवता येतो का?'

मी लिहिलं, अंगाला नीट बसेल असा शिवतो. रविवारी मापाला ये. आणि सकाळी लवकर ये, एक सेंटिमीटर पदरात पडेल.